तिसऱ्या आठवड्यापासून रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या (अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज, पहिलं वर्ष)

खडूधूळ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे रोमात असते, म्हणजे नुसती वाचत. फार तर पाककृतींच्या धाग्यावर "गूळ कधी घालायचा?" एवढं विचारून पळते. आज धागा काढायला तसंच कारण घडलंय.

मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवते. अॅडजंक्ट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत तासिका तत्त्वावर. नऊ वर्षं झाली. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेशासाठी चुरस नाही, बारावी झालेल्या कुणालाही दार उघडं. दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन कामाला लागायचं, नाहीतर पुढची दोन वर्षं मोठ्या युनिव्हर्सिटीत काढायची. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. आता देशभरात हजाराच्या आसपास आहेत.

तर सप्टेंबरात माझ्या हजेरीपटावर २८ नावं होती. तिसऱ्या आठवड्यात वर्गात २३ डोकी. आज मिडटर्मला १९. यातलं कुणी भांडून गेलं नाही, नापास होऊनही गेलं नाही. जाणारा सांगून जातच नाही, नुसती खुर्ची रिकामी होते आणि पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर शेजारच्याची बॅग येते.

परवा शनिवारी किराणा घ्यायला गेले होते. पार्किंगमध्ये गाड्या ढकलणाऱ्या पोरानं ओळख दिली. तिसऱ्या ओळीत बसणारा टोपीवाला! वर्गात सगळ्यांच्या आधी उत्तर काढायचा, पण बोलायचा नाही, वहीच माझ्याकडे वळवायचा. मी विचारलं, का रे बाबा, येत का नाहीस? तर म्हणाला, "आईची गाडी बंद पडली, दोन क्लास चुकले. मग वाटलं, आता तुम्ही नाव कापलं असेल."

कुणीही नाव कापलेलं नव्हतं. तो पाच आठवडे, आपल्याला काढून टाकलंय असं समजून गाड्या ढकलत होता. आणि मी पाच आठवडे, त्याला गणित नकोसं झालं असेल असं समजत होते.

तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. त्यात आमच्या डीनबाईंनी पहिल्या वर्षाच्या गळतीवर कमिटी नेमली आणि त्यात मला घातलंय. बजेट शून्य. इथे बरेच जण असे कॉलेज शिकलेले, शिकवणारे, तिथे नोकरी करणारे आहेत. काय चालतं, काय चालत नाही, सांगा. पुस्तकी नको, पाहिलेलं सांगा.

---

पोटोबा | सोमवार, रात्री १०:३१

पहिला! आधी बाकरवडी वाटा वर्गात, कुणी हलणार नाही. (दिवे घ्या.)

---

एडिसनकर | सोमवार, रात्री ११:०५

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मला वाटतं दुखणं वेगळं आहे. जिथे वर्षाला साठ हजार डॉलर भरलेत तिथून कुणी गाडी बंद पडली म्हणून घरी बसत नाही. काउंटी कॉलेज स्वस्त, म्हणून पोरांना किंमत नाही. आमच्या राज्यात तर ६५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बाकीची मदत वजा जाता उरलेली फी सरकार भरतं. फुकटचं ते पौष्टिक म्हणतात, पण टिकत नाही.

आणखी एक. मुलगा क्लासला जातो की नाही, हे कॉलेज आईबापाला का कळवत नाही? आमच्या वेळी प्रिन्सिपॉलचं पोस्टकार्ड घरी यायचं.

---

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ७:४८

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. १९७४ चा फेर्पा कायदा. कॉलेजात पाऊल टाकलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, मग वय सतरा असलं तरी. पोराने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. सहसा आम्ही काउंटरवरून "सॉरी" एवढंच म्हणतो, आणि समोरचे बाबा आमच्याकडे आम्हीच त्यांचा मुलगा पळवलाय अशा नजरेनं बघतात.

मी ओहायोत एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड (आर्थिक मदत) खिडकीमागे बसतो. एडिसनकर, "फुकट" हा शब्द जपून. फी माफ झाली तरी गाडी, पेट्रोल, घरभाडं, पाळणाघर आणि पुस्तकं उरतातच. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची पेल ग्रँट जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर वर्षाला, तीही सगळ्यांना पुरती नाही. फी वजा होऊन उरलेले पैसे विद्यार्थ्याच्या हातात पडायला बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरचे तीन-चार आठवडे जातात. पुस्तक मात्र पहिल्या आठवड्यात लागतं. त्यातून ऑनलाईन होमवर्कचा अॅक्सेस कोड म्हणजे शंभराची नोट, आणि तो सेकंडहँड मिळत नाही. मी पोरांना मित्राच्या पुस्तकाची पानं फोनवर टिपताना पाहिलंय, लायब्ररीच्या जिन्यात बसून, धडाच्या धडा.

आता खरा सापळा ऐका, कारण कमिटीत हे कुणी बोलणार नाही. फेडरल मदत घेतलेलं पोर सेमिस्टरचे ६० टक्के दिवस व्हायच्या आत पूर्ण गायब झालं, तर जितके दिवस आलं तितक्याच हिश्शाची मदत त्याची. उरलेली परत जाते. मग कॉलेज त्या भरपाईचं बिल पोराच्या नावावर चढवतं. पोराला वाटतं आपण नुसतं जाणं बंद केलं, विषय संपला. आठ महिन्यांनी सुबुद्धी होऊन परत नाव घालायला येतं, तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरात होल्ड. बाराशे डॉलर भरा, मग बोला. ते वळतं आणि जातं. ही आमच्याकडची दुसरी गळती, आणि तिची मोजदाद कुणी ठेवत नाही.

पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरात साठ टक्के म्हणजे नववा आठवडा. खडूधूळ, तुमचा कितवा चालू आहे?

---

खडूधूळ | मंगळवार, सकाळी ८:१५

सातवा संपतोय. पोटात गोळा आला वाचून. नऊ वर्षांत मला हे कुणीही सांगितलं नाही.

---

परखड | मंगळवार, दुपारी १२:२०

अप्रिय बोलतो, माफी असावी. अठरा वर्षांच्या घोड्याला कितीदा पाण्यावर न्यायचं? नाव कापलं का, हे एक ईमेल करून विचारता येत नाही? उद्या नोकरीत दोन दिवस दांडी मारली तर मॅनेजर घरी डबा घेऊन येणार आहे का? सगळ्यांनीच कॉलेज करावं हा अट्टहास कशाला? चांगला प्लंबर कधीकधी इंजिनियरपेक्षा जास्त कमावतो. जे टिकत नाहीत त्यांच्यात मुळात तयारीच नसते. सगळ्या गणिताच्या शिक्षकांना हे माहीत असतं, बोलत नाहीत इतकंच.

---

खडूधूळ | मंगळवार, रात्री ९:५०

परखड, राग नाही. पण गणिताचा विषय काढलात, तर गणितच करू.

माझ्या पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे प्लेसमेंट टेस्ट होती, कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी. उन्हाळ्यातल्या एका दुपारी, तयारी न करता, संगणकासमोर बसायचं. त्यात कमी पडला की रेमेडियल, म्हणजे पाया पक्का करायच्या गणिताची साखळी: अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग मधलं बीजगणित, आणि त्यानंतर कॉलेजचं खरं गणित. पहिल्या तिन्ही वर्गांची फी भरायची, पण डिग्रीत क्रेडिट शून्य. समजा प्रत्येक वर्गात ७० टक्के पास झाले. शिक्षक म्हणून मी खूष होईन. पण ०.७ चा घन करा: ०.३४३. शंभरातले चौतीस दारापर्यंत पोचले, दाराच्या आत अजून कुणीच नाही. आणि हे प्रत्येक पास झालेला पुढच्या वर्गात नाव घालतो असं धरून. दोन वर्गांच्या मधल्या सुट्टीत जे निसटतात ते वेगळेच.

कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने हे आकडे तपासले, तेव्हा निघालं की त्या टेस्टने रेमेडियलमध्ये ढकललेल्यांपैकी बरेच जण थेट कॉलेजच्या वर्गात बसले असते तरी पास झाले असते. शाळेतले गुण त्या टेस्टपेक्षा बरा अंदाज देतात. कॅलिफोर्नियाने २०१७ साली त्यासाठी कायदाच केला. टेनेसीने २०१५ मध्ये साखळी तोडून कोरिक्विझिट आणलं: मुख्य वर्ग आणि त्याच सेमिस्टरात जोडीला आधाराचा तास. म्हणजे आधी पोहायला शिका मग पाण्यात उतरा, असं नाही. कमरेला डबा बांधून विहिरीतच. तेव्हा "तयारी नसते" हे आपण ज्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं म्हणत आलो, त्यातल्या पुष्कळांची तयारी होती. आपली मोजपट्टीच वाकडी होती.

प्लंबरचं म्हणाल, तर तेही बऱ्याच ठिकाणी आमच्याच मागच्या इमारतीत शिकवतात हो!

---

पोटोबा | मंगळवार, रात्री १०:०२

कमरेला डबा! वीस वर्षांनी विहीर आठवली. पाठीला आजोबांचा हातही.

---

सायली_उवाच | बुधवार, सकाळी ६:३०

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

परखड दादा विचारतात, एक ईमेल करता येत नाही का. मी सांगते का येत नाही. मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) आले तेव्हा २९ वर्षांची, नाशिकची बीकॉम. एच-४ वर सहसा नोकरी नाही करता येत, शिकता येतं. फेडरल मदत मात्र मिळत नाही, म्हणून घरून पैसे साठवून एकेक विषय घेत होते. पहिल्या दिवशी प्रोफेसर वर्गात आले आणि मी उठून उभी राहिले. अख्ख्या वर्गात एकटी. ते म्हणाले, "सगळं ठीक आहे ना?" आणि मी तशीच खाली बसले. पुढे महिनाभर तोंड उघडलं नाही.

सिलॅबसवर लिहिलेलं असायचं: ऑफिस अवर्स, मंगळवार दोन ते चार. मला वाटायचं ही त्यांच्या ऑफिसच्या कामाची वेळ आहे, म्हणजे या वेळात त्यांना त्रास देऊ नका! खरं तर ती विद्यार्थ्यांनी भेटायला यायची वेळ. मी मुद्दाम त्या मजल्यावरून जायचंसुद्धा टाळायचे. अकाउंटिंगच्या पहिल्या परीक्षेत ५२ मिळाले. गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले, कारण घरी सासूबाई आल्या होत्या.

पेपर परत देताना सरांनी माझ्या पेपरवर पेन्सिलने लिहिलं होतं, "मंगळवारी ये, दोन वाजता, खोली २१४." बस. एवढंच. बोलावलं म्हणून गेले. शिस्तीत वाढलेल्या माणसाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही हो. आज मी सीपीए आहे, म्हणजे इथली सीए.

तेव्हा ताई, माझी सूचना: "काही अडचण असेल तर या" हे वाक्य काढून टाका. अडचण असलेल्या माणसाला ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं वाटतं. दिवस, वेळ, खोली लिहून बोलवा.

---

खडूधूळ | बुधवार, सकाळी ७:१०

सायली, तुझी पोस्ट मी कमिटीत वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. चालेल ना?

---

सायली_उवाच | बुधवार, सकाळी ७:१२

पळेल. सासूबाईंचा भाग गाळा.

---

तेजू_टेक्सास | बुधवार, दुपारी १:४४

सायलीला शंभर मोदक.

बजेट शून्य म्हणताय म्हणून ओडेसा कॉलेज शोधा. आमच्या पश्चिम टेक्सासात, तेलाच्या पट्ट्यात. तेल वर गेलं की पोरं वर्ग सोडून विहिरींवर जातात, अशी जागा. त्यांनी २०११ च्या सुमारास वर्ग अर्धवट सोडणाऱ्यांचा विषय धसाला लावला. प्राध्यापकांना अभ्यासक्रम बदला म्हटलं नाही, वर्गाचा आकार तोच. फक्त चार गोष्टींचा शब्द घेतला: पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला नावाने हाक मारायची, कोण मागे पडतंय यावर लक्ष ठेवून लगेच हालचाल करायची, सुरुवातीच्याच आठवड्यांत प्रत्येकाशी एकदा एकट्याने बोलायचं, आणि नियम कडक ठेवायचे, पण माणूस पाहून वाकवायचे. मधेच सोडणाऱ्यांचं प्रमाण खरंच खाली आलं, आणि बाकीच्या कॉलेजांनी ते उचललं.

वरून आमच्या उत्तरेला अमरिलो कॉलेज. तिथे विद्यार्थ्यांनाच विचारलं, शिक्षणाच्या आड काय येतं? यादीत वर घरभाडं, जेवण, गाडी, मुलं कुणाकडे ठेवायची, लाइटबिल. अभ्यास वरच्या जागी नव्हताच. मग त्यांनी कॅम्पसमध्ये अगदी दर्शनी जागी मदत केंद्र काढलं: धान्य, कपडे, अडीनडीला थोडे पैसे, सगळं एका छताखाली. दर्शनी जागी हे महत्त्वाचं. तळघरात, मागच्या दाराला ठेवलं की कुणी जात नाही, लाज वाटते.

मी नर्स आहे, मीही अशाच एका कॉलेजातून झाले (अमरिलो नव्हे). आमच्या बॅचमधली एक बाई तीन महिने क्लिनिकलचे बूट मैत्रिणीशी आलटून-पालटून घालत होती. एकीची सकाळची पाळी, दुसरीची दुपारची. दोघी आज आयसीयूत आहेत. म्हणजे काम करतात, पेशंट नाही!

---

क्वीन्सवासी | बुधवार, रात्री ८:३६

न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या, क्यूनीच्या असॅप योजनेचा उल्लेख अजून कसा नाही झाला? २००७ ला सुरू. पूर्णवेळ शिकायचं ही अट. बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकं, तेव्हाचं सबवेचं महिन्याचं मेट्रोकार्ड, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा अॅडव्हायझर. इतर ठिकाणी एका अॅडव्हायझरच्या गळ्यात सहाशे ते पंधराशे पोरं असतात. यावर संशोधन झालं त्या काळात असॅपमध्ये साठ ते ऐंशी होती. मेट्रोकार्ड घ्यायला अॅडव्हायझरकडे जावंच लागायचं, त्यामुळे भेट आपोआप. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि तीन वर्षांनी मोजलं: असॅपवाल्यांत ४० टक्के पदवीधर, दुसऱ्या गटात २२. शिक्षणाच्या क्षेत्रात एवढी तफावत सहसा दिसतच नाही. दर पोरामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे कमी झाला.

ओहायोत तीन कॉलेजांनी तेच करून पाहिलं, ३५ विरुद्ध १९. तिथे सबवे कुठली? मेट्रोकार्डाऐवजी पेट्रोल-किराण्याची गिफ्ट कार्डं दिली. आकडेमोड, बरोबर ना?

---

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:१५

बरोबर. आणि प्रशासनाला त्यातलं फक्त गिफ्ट कार्ड लक्षात राहतं. खरी जादू साठ-ऐंशीच्या आकड्यात आहे. माणसं नेमा म्हटलं की मात्र सगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघतात. आमच्याकडे "अर्ली अॅलर्ट" नावाची प्रणाली आहे. पोर गैरहजर राहिलं की शिक्षकाने बटण दाबायचं. शिक्षक दाबतात. पोराला आपोआप ईमेल जातं: "तुमच्या प्रगतीबद्दल चिंता व्यक्त करण्यात आली आहे." हे वाचून कोण परत येईल? मीच राजीनामा देईन.

---

साताऱ्याचा_बाळू | गुरुवार, सकाळी ५:५० (भारतातून)

मी निवृत्त प्राध्यापक. अमेरिकेतलं मला कळत नाही, पण एक गोष्ट ओळखीची वाटली म्हणून लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. पुढे १९४७ ला कॉलेज निघालं ते "कमवा आणि शिका" या पायावर. मी त्याच योजनेतला. सकाळी बागेत पाणी, दुपारी वर्ग. तुमच्या मुलांचं काम कॉलेजच्या बाहेर आहे, किराणा दुकानात, गोदामात. काम आणि वर्ग यांची ओढाताण झाली की काम जिंकतं, कारण काम पगार कापतं. आमचं काम कॉलेजच्या आवारातच होतं. एखादा मुलगा सकाळी झारी घ्यायला आला नाही, तर पर्यवेक्षक खोलीवर बघायला जायचे. वर्गातली गैरहजेरी चार दिवसांनी कळते, झारीची त्याच सकाळी.

---

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ८:०५

सर, नमस्कार. झारीची गोष्ट अगदी मर्मावर. इथे फेडरल वर्क-स्टडी नावाची योजना आहे, विद्यार्थ्याला कॅम्पसवर तासाच्या हिशोबाने काम. निधी तुटपुंजा, कम्युनिटी कॉलेजांच्या वाट्याला त्याहून कमी. पण लायब्ररीच्या डेस्कवर बसणारी माझी पोरं मी वर्षानुवर्षं बघतोय, ती सहसा गळत नाहीत. परीक्षा असली की पाळी बदलून मिळते, आणि मुख्य म्हणजे दिसली नाहीत तर लायब्ररीच्या बाई मला विचारायला येतात.

---

परखड | गुरुवार, दुपारी १२:१०

सायली, तुझी पोस्ट दोनदा वाचली. ईमेलचं वाक्य मागे घेतो. बाकीच्या मतावर अजून ठाम आहे, पण घोड्याचा दृष्टांत चुकला.

---

एडिसनकर | गुरुवार, रात्री ११:४०

आता मीही बोलतो. लिहायला चार दिवस घेतले.

माझा धाकटा काउंटी कॉलेजात होता. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की आम्ही "रटगर्सच्या वाटेवर आहे" असं सांगायचो. रटगर्स म्हणजे इथली मोठी सरकारी युनिव्हर्सिटी. खोटं नव्हतं, राज्याच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे असोसिएट डिग्रीचे क्रेडिट इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत धरावेच लागतात. पण आम्ही ते ज्या आवाजात सांगायचो, तो आवाज त्याने ऐकला. पहिल्या सेमिस्टरात नोव्हेंबरपासून तो रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि मॉलच्या पार्किंगमध्ये बसायचा. आम्हाला फेब्रुवारीत कळलं. कॉलेजकडून पोस्टकार्ड आलं नाही म्हणून मी वर कुरकुर केली, पण पोराने घरी का नाही सांगितलं, हे मला माहीत आहे.

आता तो वीज मंडळाच्या कामावर आहे (इथल्या, महावितरण नव्हे), चांगला आहे. "स्वस्त म्हणून किंमत नाही" हे मी लिहिलं होतं. किंमत आम्हीच केली नव्हती.

---

तेजू_टेक्सास | शुक्रवार, सकाळी ९:००

एडिसनकर काका, __/\__

---

खडूधूळ | रविवार, संध्याकाळी ६:२५

अपडेट. आकडेमोड यांचा नववा आठवडा डोक्यात धरून गुरुवार-शुक्रवार फोन केले. हजेरीपटावरून गेलेले नऊ जण. डीनबाईंची परवानगी काढून, कॉलेजच्या फोनवरून.

तीन नंबर बंद. एकाचा व्हॉइसमेल भरलेला. एका मुलीने नाव ऐकून फोन ठेवला. एक म्हणाला, सैन्यात भरती झालोय, आणि अतिशय आदराने मला "मॅम" म्हणून अर्धा तास स्वतःच्या बूट कॅम्पच्या तारखा सांगितल्या. एका बाईंची आई आजारी, त्या खरोखर येऊ शकत नाहीत. त्यांना नुसतं गायब होऊ नका, रीतसर कसं निघायचं आणि एडच्या खिडकीवर आधी का जायचं हे सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मला पेनचा आवाज ऐकू येत होता. एकाला वाटत होतं त्याने वर्ग ड्रॉप केलाय. त्याने केलेलं काय, तर अॅप फोनवरून काढून टाकलं होतं.

आणि टोपीवाला. माझ्या वर्गात आता शिरणं अवघड, सात आठवड्यांचं गेलं ते गेलंच. पण ऑक्टोबरच्या शेवटी अर्ध्या सेमिस्टरचे वर्ग सुरू होतात, त्यात कोरिक्विझिटवालं गणित आहे, संध्याकाळीच. मी त्याला एडच्या खिडकीवर घेऊन गेले. आत नाही गेले, बाकावर बसले. वीस मिनिटांनी बाहेर आला, हातात पिवळा कागद. म्हणाला, "तुम्ही अजून इथेच?"

---

आकडेमोड | रविवार, रात्री ८:०२

पिवळा कागद म्हणजे आमच्याकडे चांगली बातमी. तुमच्याकडेही असावी.

---

क्वीन्सवासी | रविवार, रात्री ८:४०

नवातले दोन हाती लागले म्हणायचे. यावर कमिटी काय म्हणाली?

---

खडूधूळ | मंगळवार, रात्री १०:३०

कमिटीत दीड तास सॉफ्टवेअरच्या डेमोवर गेला. उरलेल्या दहा मिनिटांत मी सायलीची खोली २१४ वाचून दाखवली. एक वयस्कर इंग्रजीचे प्राध्यापक, एरवी डुलक्या काढणारे, एकदम म्हणाले, "मी तीस वर्षं ऑफिस अवर्स लिहितोय, कुणी येत नाही म्हणून त्या वेळात क्रॉसवर्ड सोडवतो."

ठरलं ते एवढंच. जानेवारीपासून पहिल्या वर्षाचे सहा वर्ग, सहा शिक्षक, सगळे स्वेच्छेने. पहिल्या तासाला नावाच्या पाट्या. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला दहा मिनिटं, वेळ आम्ही देणार, त्यांनी मागायची नाही. दोन तास चुकले की तिसऱ्या दिवशी फोन, ईमेल नाही. "तुझं नाव कापलेलं नाही" हे पहिलं वाक्य. पुस्तक राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं, फुकट, म्हणजे अॅक्सेस कोडची कटकटच नाही. आणि सिलॅबसच्या पहिल्या पानावर नवव्या आठवड्याची तारीख, ठळक. फायनान्शियल एडवाल्यांनी ती छापायला हरकत घेतली, "विद्यार्थी घाबरतील" म्हणून. मी म्हटलं, घाबरू देत.

अॅडजंक्टना या दहा-दहा मिनिटांचे पैसे मिळणार नाहीत. तो मुद्दा मी मांडला, इतिवृत्तात "नोंद घेण्यात आली" असा आला. २५ पोरं गुणिले दहा मिनिटं म्हणजे चार तास दहा मिनिटं. हे मी फुकट करणार आहे, पण सगळ्यांनी फुकट करावं असं मी कुणाला सांगणार नाही.

---

साताऱ्याचा_बाळू | बुधवार, सकाळी ६:०५

इतिवृत्त सगळीकडे सारखंच. नावाच्या पाट्यांवर नाव मुलांनाच लिहायला सांगा, हाक कशी मारायची तेही त्यांनाच विचारा. पहिल्या दिवशी मास्तरने नाव चुकीचं उच्चारलं की ते वर्षभर तसंच चालतं.

---

खडूधूळ | डिसेंबर, शुक्रवार, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. ग्रेड भरले आत्ता. १९ पैकी १७ टिकले, १५ पास. टोपीवाल्याला त्या अर्ध्या सेमिस्टरच्या वर्गात सी मिळाला, दुसऱ्या शिक्षकाकडे. जानेवारीत नाव घातलंय, दोनच विषय, कारण आईची गाडी अजून तशीच आहे. बसचं वेळापत्रक घेऊन आला होता. शेवटची बस ९:४० ला, माझा वर्ग सुटतो ९:४५ ला.

कुणाला माहीत आहे का, वर्गाची वेळ दहा मिनिटं अलीकडे घ्यायला कुठला फॉर्म लागतो?

---

आकडेमोड | डिसेंबर, शुक्रवार, रात्री ११:२२

फॉर्म विचारू नका. सुरुवात दहा मिनिटं आधी करा, खडू आधी खाली ठेवा.